विद्यापीठातला भूकंप-सराव: नेमकं काय शिकवायचं?

कातरबल
बऱ्याच संस्थांमध्ये 'भूकंपाचा मॉक ड्रिल' म्हणून जे होतं तो आगीचाच सराव असतो, फक्त फलक बदललेला. सायरन वाजतो, सगळे जिन्याकडे धावतात, मैदानात जमतात, फोटो निघतात. हा सराव निरुपयोगी असता तरी चाललं असतं. तो घातक आहे, कारण जमीन हलत असताना धावायची सवय त्यातून अंगी लागते. चांगल्या आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतीत लोक जखमी होतात ते बहुतेक करून पडणाऱ्या वस्तूंनी, फुटलेल्या काचांनी आणि चालताना तोल जाऊन. दाराबाहेरचे पहिले काही मीटर तर सर्वांत वाईट, कारण कठडे, एसीची बाहेरची युनिट्स आणि दर्शनी फरश्या तिथेच कोसळतात.

म्हणून सरावाचे टप्पे वेगळे ठेवा, प्रत्येकाची खूणही वेगळी ठेवा.

पहिला टप्पा ६० सेकंदांचा. आगीचा सायरन अजिबात वापरायचा नाही. लाउडस्पीकरवर 'हा सराव आहे, भूकंप, खाली बसा' असं बोलून सांगायचं आणि मागे गडगडाटाचा आवाज लावायचा. गुडघ्यांवर खाली बसा, टेबलाखाली डोकं आणि मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. धरण्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. टेबल सरकत जातं आणि माणूस उघडा पडतो. म्हणून टेबलाबरोबर आपणही सरकायचं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीपाशी, काचा आणि कपाटांपासून दूर, हातांनी मान झाकून बसायचं. पूर्ण ६० सेकंद बसवा. दहाव्या सेकंदाला लोक हसत उठायला लागतात आणि जोरदार हादरे त्याहून कितीतरी जास्त वेळ टिकू शकतात.

दुसरा टप्पा थांबण्याचा. उठायच्या आधी वर बघा, खाली बघा, वास घ्या, शेजारच्याला विचारा. तिसरा टप्पा बाहेर पडण्याचा, तोही गरज असेल तरच. चौथा माणसांचा हिशेब. पाचवा इमारतीत परत जायचं की नाही हे ठरवण्याचा. तो जवळजवळ कुणीच करत नाही आणि खरा गोंधळ तिथेच होतो.

तळटीप
उत्तम धागा. दोन शंका. २०० जणांच्या सभागृहात खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात, तिथे टेबल कुठलं? आणि जुन्या दगडी इमारतीत वर्ग भरत असतील तर तिथेही टेबलाखालीच बसायचं का?

कातरबल
सभागृहाचं सोपं आहे. दोन रांगांमध्ये शक्य तितकं खाली वाका, डोकं खुर्चीच्या पाठीच्या पातळीखाली आणा, मान हातांनी किंवा दप्तराने झाका. मधल्या वाटेत कुणी यायचं नाही. वर टांगलेले प्रोजेक्टर, स्पीकर आणि फॉल्स सीलिंगच्या पट्ट्या हा तिथला खरा धोका. प्रोजेक्टरला मुख्य बोल्टशिवाय स्लॅबला अडकवलेली वेगळी स्टीलची तार हवी.

दगडी इमारतीबद्दल मात्र एका वाक्यात उत्तर देणं बेजबाबदारपणाचं ठरेल. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड छप्पर असलेलं बांधकाम जोरदार हादऱ्यात संपूर्ण बसतं. १९९३ साली किल्लारीला पहाटे जे घडलं ते अशाच घरांमुळे. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारे लांब दगडच नव्हते, त्यामुळे थर फुगून सुटे झाले. अशा खोलीत टेबल पुरेसं पडत नाही. तळमजल्यावर, दाराच्या अगदी जवळ असाल आणि बाहेर लगेच मोकळी जागा असेल, तर पहिल्या हलक्या हादऱ्यातच बाहेर पडणं योग्य. वरच्या मजल्यावर असाल तर तो पर्यायच उरत नाही.

म्हणजे हा प्रश्न सरावाने सुटणारा नाही. त्या भागात वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह ठेवायचं की नाही हे अभियंत्याकडून तपासून घ्या. बळकटीकरण होईपर्यंत तिथे गर्दीचे उपक्रम नकोत. आणि सरावाच्या पत्रकात प्रत्येक इमारतीसाठी एकच नियम छापू नका.

अमावास्या
दाराच्या चौकटीत उभं राहायचं असं लहानपणापासून ऐकलंय. आणि कपाटाशेजारी 'त्रिकोणी पोकळीत' झोपायचा एक फॉरवर्ड फिरत असतो, त्याचं काय?

कातरबल
दोन्ही विसरा. आजच्या इमारतींत चौकट बाकीच्या भिंतीपेक्षा मजबूत नसते, उलट हेलकावणारं दार बोटं चिरडतं. त्रिकोणाची कल्पना इमारत पूर्ण कोसळलीच आहे असं धरून चालते. पोकळी नेमकी कुठे तयार होईल हे आधी कळत नाही, आणि हादरे चालू असताना तिथवर पोचताही येत नाही. जड कपाटाशेजारी झोपणं म्हणजे ते आपल्यावर पडायची सोय करणं.

परीक्षानळी
प्रयोगशाळांबद्दल सविस्तर लिहितो, कारण विद्यापीठ आणि कार्यालय यांच्या सरावात खरा फरक इथेच पडतो. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तिथल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांना आगी लागल्या. भूकंप पहाटे साडेचारला आणि सुट्टीच्या दिवशी झाला म्हणून माणसं आत नव्हती.

हादरे चालू असताना: बर्नर हाताशी असेल तरच बंद करा, त्यासाठी दोन पावलंसुद्धा चालू नका. पडणारी बाटली झेलायची नाही, हे दहादा सांगा. हात आपोआप पुढे जातो. ओट्याखाली जागा असेल आणि तिथे रसायनं ठेवलेली नसतील तर तिथे बसा. नसेल तर ओट्यापासून दूर, आतल्या भिंतीशी.

आधीची तयारी जास्त महत्त्वाची:

गॅस सिलिंडरला एक साखळी पुरत नाही. एक वरच्या तिसऱ्या भागात, एक खालच्या तिसऱ्या भागात, दोन्ही भिंतीत पक्क्या बसवलेल्या पट्टीला. ओट्याच्या कडेला चिमट्याने लावलेला पट्टा हादऱ्यात निसटतो. तीन सिलिंडर एकाच साखळीत बांधले की मधला सैल राहतो आणि घरंगळून बाहेर येतो. वापरात नसलेल्या सिलिंडरवर टोपी असलीच पाहिजे. पडून व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर अक्षरशः उडतो.

फळ्यांना पुढून चार-पाच सेंमी उंचीची पट्टी किंवा आडवी सळई लावा. काचेच्या मोठ्या बाटल्या आणि द्रवरूप आम्लं डोळ्यांच्या पातळीच्या वर नकोत. वर्णानुक्रमे रसायनं लावणं बंद करा. दिसायला नीटनेटकं, पण त्यात नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकाशेजारी येऊन बसतं. आम्लं, अल्कली, ऑक्सिडीकारकं, ज्वलनशील द्रावकं आणि पाण्याशी पेट घेणारे पदार्थ, प्रत्येक गट वेगळ्या खोल ट्रेमध्ये. ट्रेमध्ये त्यातल्या सर्वांत मोठ्या बाटलीतलं सगळं द्रव मावलं पाहिजे.

द्रवरूप नायट्रोजन वेगळा काढून लिहितो. एक लिटरचा साधारण ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत भांडं कलंडलं तर ऑक्सिजन कमी होतो आणि नायट्रोजनला वास नसल्याने ते कळत नाही. 'आत कुणी पडलंय' म्हणून धावत गेलेला दुसरा माणूसही पडतो. दाराबाहेरून दिसेल असा ऑक्सिजन-मापक हवा आणि अलार्म वाजत असेल तर आत जायचं नाही, हा नियम सरावात प्रत्यक्ष खेळून घ्या. एमआरआय आणि एनएमआर (रेणूंची रचना तपासणारं मोठ्या चुंबकाचं यंत्र) यांच्या खोल्यांतही हेच, तिथे हीलियम सुटू शकतो.

बाहेर पडताना फ्युमहूडची (घातक वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटाची) काच खाली ओढा आणि दार लावा, कुलूप नको. मोठी सांडलवंड असेल तर पुसायला थांबू नका. दाराबाहेर काय सांडलंय ते खडूने लिहा आणि निघा. उणे ८० अंशाचे फ्रीझर वीज गेल्यावर उघडून 'तपासू' नयेत. बंद दारामागे ते बराच वेळ थंडी धरून ठेवतात. त्यात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकायचा ठरलं तर खोली हवेशीर हवी, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साचतो.

पुस्तकवेडा
ग्रंथालयाबद्दल थोडं. मांडण्या जमिनीला बोल्ट केलेल्या असल्या तरी वरून मोकळ्या असतील तर डोलतात आणि एकीच्या धक्क्याने दुसरी पडत जाते. वरच्या टोकांना आडव्या पट्ट्यांनी सगळ्या रांगा एकमेकींना जोडा आणि टोकाची रांग काँक्रीटच्या खांबात अँकर करा. गिलाव्यात किंवा पोकळ विटेत ठोकलेला स्क्रू म्हणजे केवळ मनाचं समाधान. जड संदर्भग्रंथ खाली. वाचणारा माणूस मांडण्यांच्या मधोमध असेल तर त्याने टेबल शोधत फिरू नये. रांगेचं टोक एक-दोन पावलांवर असेल तर बाहेर यावं, नाहीतर तिथेच डोकं झाकून बसावं. सरकत्या मांडण्यांच्या दालनात मात्र एका वेळी किती जण आहेत हे काउंटरवर कळलंच पाहिजे. रूळावरची मांडणी सरकून माणूस आत अडकू शकतो.

चौथामजला
आता बाहेर पडण्याबद्दल. हादऱ्यांनी उडालेल्या धुळीमुळे धूरशोधक बऱ्याचदा आपोआप वाजतात. म्हणजे भूकंपानंतर आगीचा अलार्म वाजणार हे धरूनच चाला. हादरे चालू असताना तो वाजला तरी जागा सोडायची नाही. हादरे थांबल्यावर धूर, वास, उष्णता बघून ठरवायचं.

कार्डाने उघडणारी दारं वीज गेल्यावर कशी वागतात हे प्रत्येक दाराला विचारा! काही आपोआप उघडी पडतात, काही बंदच राहतात. सरावाच्या आदल्या दिवशी फीडर (इमारतीला वीज देणारी वाहिनी) बंद करून एकदा पाहा, कागदावरच्या माहितीवर जाऊ नका. चौकट तिरकी झाली की दार अडकतं, म्हणून प्रत्येक मजल्यावर एक पहार हवी आणि ती कुठे आहे हे मजलाप्रमुखाला अंधारात सापडलं पाहिजे.

लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा, जिथे उघडेल तिथे उतरा. त्यानंतर तंत्रज्ञाने तपासेपर्यंत लिफ्ट बंद, ती चालू दिसत असली तरी. प्रतिभार (केबिनचं वजन तोलणारा जड ठोकळा) मार्गिकेतून निसटलेला असू शकतो आणि पुढच्या फेरीत तो केबिनवर आदळतो.

चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीने हादऱ्यात चाकं लॉक करायची, पुढे वाकायचं, मान झाकायची. तिला खुर्चीतून ओढून खाली बसवायचं नाही. नंतर जिन्याने उतरवण्यासाठी खास निर्वासन-खुर्ची आणि ती चालवायला शिकलेले किमान दोघे लागतात. खुर्ची विकत घेऊन जिन्याखाली झाकून ठेवलेली बऱ्याच ठिकाणी दिसते, चालवून पाहिलेली फारशी नाही. आधी रिकामी चालवा, मग स्वयंसेवकाला बसवून. कोणाला काय मदत लागेल हे त्या व्यक्तीलाच विचारून लिहून ठेवा, परस्पर ठरवू नका. ऐकू न येणाऱ्यांसाठी लखलखणारा दिवा आणि मोबाइल संदेश, दोन्ही.

गणतीदार
जमण्याच्या जागेबद्दल कुणी बोललं नाही. ढोबळ नियम: शेजारच्या इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतर, वर विजेच्या तारा नकोत, बाजूला उंच आवारभिंत नको. उभं राहायला माणशी अर्धा चौरस मीटर पुरतो, पण तासन्तास थांबावं लागलं तर त्याच्या तिप्पट-चौपट जागा हवी. पार्किंगचं पटांगण निवडलं असेल तर भरलेल्या दिवशी जाऊन बघा.

माणसं मोजणं हे विद्यापीठातलं सर्वांत अवघड काम. शाळेसारखा हजेरीपट इथे चालत नाही. नोंदलेले ६० असतात, आलेले ३८, त्यात चार दुसऱ्याच विभागाचे. म्हणून माणसांऐवजी खोल्यांचा हिशेब ठेवा. मजलाप्रमुख बाहेर पडताना वाटेतल्या खोल्या बघत येतो आणि तीनच गोष्टी कळवतो: रिकामी, कुणीतरी आत आहे, बघता आली नाही. तिसरा पर्याय फार महत्त्वाचा. तो नसला की लोक न पाहिलेली खोलीही 'रिकामी' म्हणून टाकतात. बघितलेल्या खोलीच्या दाराच्या मुठीला रंगीत पट्टी अडकवा, म्हणजे काम दोनदा होत नाही. जमलेल्या लोकांना 'कोण आलंय' विचारू नका. 'तुमच्याबरोबर होतं आणि आता दिसत नाही असं कोण?' असं विचारा.

प्रत्येक मजल्याच्या प्रत्येक बाजूला एक प्रमुख आणि एक राखीव. प्राध्यापकच हवा असं नाही. प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई जास्त वेळ जागेवर असतात, त्यांना किल्ल्याही माहीत असतात. प्रमुखांची यादी दर सत्राला नवी करा, विद्यार्थी बदलतात तशी माणसंही बदलतात.

बारानंबर
प्रमुखाला नारिंगी जाकीट दिलं की तो सगळ्यात आधी मैदानात पोचून सेल्फी काढतो, त्यावर उपाय? 😀

गणतीदार
जाकीट खोलीत ठेवू नका, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला टांगा. घ्यायला जाताना अर्ध्या खोल्या बघून होतात.

प्राणवायू
वैद्यकीय बाजू. रुग्णवाहिका पहिल्या काही तासांत येणार नाही असं धरून प्रशिक्षण आखा. अमेरिकेत नागरी स्वयंसेवी पथकांची जी पद्धत आहे ती लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने १९८५ मध्ये सुरू केली. तिचा मूळ अभ्यासक्रम सुमारे २० तासांचा आहे. तो दोन तासांच्या व्याख्यानात कोंबता येत नाही. वेळ कमीच असेल तर तीन गोष्टी हाताने करून घ्या.

एक, जखमींची वर्गवारी: हिरवा किरकोळ, पिवळा थोडं थांबू शकणारा, लाल तातडीचा, काळा वाचण्याची आशा नसलेला. आधी ओरडून सांगा, 'चालता येईल त्यांनी इकडे या'. ते हिरवे. उरलेल्यांपैकी श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करा. तरीही नाही तर काळा, सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लाल. 'माझं बोट दाब' एवढी साधी सूचना पाळता आली नाही तरी लाल. बाकीचे पिवळे. माणशी मिनिटाच्या आत. यात सगळ्यात जड जातं ते एकाच जखमीपाशी अडकून न पडणं, म्हणून सरावात ओरडणारे हिरवे जखमी मुद्दाम ठेवा आणि लाल जखमीला गप्प पडून राहायला सांगा.

दोन, रक्तस्राव. आधी थेट दाब. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या पाच-सात सेंमी वर पट्टा आवळा, सांध्यावर नको, आणि आवळल्याची वेळ लिहा. दुखतं म्हणून सैल करायचा नाही.

तीन, दबलेला माणूस. तरफेने उचलताना जितकं उचललं तितक्या लाकडी ठोकळ्यांची आडवी-उभी रचना लगेच खाली सरकवा. तरफ निसटली तर वजन पुन्हा माणसावर येता कामा नये. मांडी किंवा पाय काही तास दबलेला असेल आणि जागा तातडीने धोक्याची नसेल, तर डॉक्टर येईपर्यंत ओझं काढायची घाई नको. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं.

चौथामजला
यात एक भर. स्वयंसेवकांनी शोधाला कुठे जायचंच नाही हेही शिकवा. काचा फुटल्या, सामान पडलं, गिलावा निघाला एवढंच असेल तर जोडीने आत. खांबांवर फुलीसारख्या तिरक्या भेगा, काँक्रीट सुटून दिसणाऱ्या सळया, कललेला मजला, बसलेलं पार्किंग असेल तर कुणीच आत नाही, ओळखीचा आवाज आला तरी. दारावर आत जाताना एक तिरकी रेघ, बाहेर येताना दुसरी. एकच रेघ दिसली तर पथक अजून आत आहे.

रात्रपाळी
सगळे सराव दिवसा अकरा वाजता का होतात? वसतिगृहात रात्री एकदा तरी घ्या. पलंगावर असाल तर तिथेच पालथे पडा आणि उशी डोक्यावर. अंधारात अनवाणी उतरलं की तळवे कापतात. म्हणून बूट आणि बॅटरी एका पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधायची. जमिनीवर ठेवलेले बूट हादऱ्यात खोलीभर फिरतात. पलंगाच्या डोक्याशी कपाट किंवा मोठी खिडकी असेल तर पलंग फिरवा.

पाण्याचा हिशेब: माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवस. ८०० जणांच्या वसतिगृहाला ९,६०० लिटर. 'गच्चीवर टाकी आहे' हे उत्तर नाही, कारण टाकीचे पाइप सांध्यावर तुटतात आणि पाणी काही मिनिटांत वाहून जातं. हादऱ्यानंतर टाकीखालचा व्हॉल्व्ह लगेच कोण बंद करणार, त्याचं नाव ठरवा. साधं, वास न घातलेलं, पाच-सहा टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरला दोन थेंब आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर गाळून दुप्पट. सुरुवातीला ५० जणांमागे एक तात्पुरतं शौचालय लागतं. हा विषय बैठकीत कुणालाच काढायचा नसतो, पण दुसऱ्या दिवशी सर्वांत मोठी तक्रार त्याचीच असते.

तळटीप
गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह सगळ्यांनी लगेच बंद करायचा का?

परीक्षानळी
मेसच्या स्वयंपाकघरात शेगड्या लगेच बंद करा. मुख्य व्हॉल्व्ह मात्र वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा पाइप वाकलेला दिसला तरच. एकदा बंद केला की पुन्हा आपण चालू करायचा नाही, आधी संपूर्ण वाहिनीची गळती-तपासणी. पाना व्हॉल्व्हशेजारीच तारेने बांधून ठेवा. आणि वास येत असेल तर विजेचं बटण चालू नाही, बंदही नाही.

गणतीदार
संपर्काचं राहिलं. फोन लागत नाहीत तेव्हा एसएमएस कधीकधी जातो, कारण त्याला जागा कमी लागते. संदेश आधीच लिहून ठेवा: 'इमारत अमुक, आत जाऊ नका, जमण्याची जागा तमुक, पुढची सूचना इतक्या वाजता.' शेवटचा भाग नसेल तर लोक आपापल्या अफवा तयार करतात. वॉकीटॉकी घेतलेत तर दर महिन्याला चार्ज करून आवारातल्या तळघरातून बोलून बघा.

कातरबल
पाचवा टप्पा लिहायचा राहिला होता. इमारत सुरक्षित आहे की नाही हे कुलगुरू ठरवत नाहीत आणि मजलाप्रमुखही नाही. प्रशिक्षित अभियंते झटपट पाहणी करून हिरवा, पिवळा किंवा लाल फलक लावतात. पिवळा म्हणजे ठरावीक भागात, ठरावीक कामासाठीच प्रवेश. लॅपटॉप, किल्ल्या, प्रबंधाची हार्डडिस्क आणायला लोक परत आत घुसतात आणि नंतरचे धक्के तेव्हाच बसतात. म्हणून सरावात दहा जणांना मुद्दाम 'मला पाचच मिनिटं आत जाऊ द्या' म्हणून दारावर पाठवा, त्यातला एखादा ज्येष्ठ प्राध्यापक असू द्या. दारावरचा सुरक्षारक्षक काय करतो ते निरीक्षकाने लिहायचं. त्याला 'नाही' म्हणायचा लेखी अधिकार दिलेला नसेल तर तो वाटेतून बाजूला होतो.

निरीक्षकांच्या कागदावर 'सराव यशस्वी' असा रकाना ठेवूच नका. ६० सेकंद पूर्ण होण्याआधी किती जण उठले, बघता न आलेल्या खोल्या किती, कुठलं दार अडलं, सूचना कुठे ऐकू आली नाही, एवढंच भरून घ्या. प्रत्येक नोंदीपुढे दुरुस्ती करणाऱ्याचं पद आणि तारीख. आढावा दोन दिवसांत, आणि पुढच्या सरावाची सुरुवात त्याच यादीतल्या न झालेल्या कामांपासून. पुढचा सराव न सांगता घ्या, आणि नेहमीचा जिना फीत लावून बंद करा.